संगीताचं मराठी द्वैमासिक काढायचंय, पण वाचक नेमका कोण धरायचा?

काळी एक, मिरज

नमस्कार मंडळी,

मी मिरजेत डीटीपीचं काम करतो आणि संध्याकाळी पेटी शिकतो. लग्नपत्रिका, शाळांचे वार्षिक अंक, संगीत सभांच्या स्मरणिका हे आमचं रोजचं काम. स्मरणिका लावता लावता एक गोष्ट मनात पक्की बसली आहे, की मराठीत संगीतावर एक चांगलं द्वैमासिक काढायचं. ६४ पानं, आत काळं-पांढरं, मुखपृष्ठ रंगीत. आम्ही चौघं आहोत. लिहिणारे जमलेत, छपाईचा दर हातात आलाय, पहिल्या अंकाच्या ५०० प्रती काढाव्यात असं चाललंय.

अडलंय ते वाचकापाशी. आमच्या चौघांची चार उत्तरं आहेत. एक म्हणतो, डिसेंबरात पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला जे बसतात ते आपले वाचक. दुसरी म्हणते, कॉलेजची मुलं धरा, बँड आणि रॅपवर लिहा, मराठीत ते कोणी नीट लिहीत नाही. तिसऱ्याचं म्हणणं, वाचायची सवय साठीपुढच्यांनाच उरली आहे, तेव्हा नाट्यगीतं आणि भावगीतं. मला वाटतं मिरजेपासूनच सुरुवात करावी. इथे सतारमेकरांची गल्ली आहे, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, उरुसात दर्ग्याच्या आवारात खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या स्मृतीसाठी लोक रात्रभर गातात-वाजवतात. पण हे माझं गावावरचं प्रेम बोलतंय की खरंच इथे वाचक आहे, हे मला ठरवता येत नाही.

फेसबुकवर आमचं पान आहे. जुन्या गवयांचे फोटो टाकले की भरपूर लाइक येतात. अंकाबद्दल लिहिलं की ‘स्तुत्य उपक्रम’, ‘हार्दिक शुभेच्छा’. वर्गणी किती, एवढं मात्र कोणी विचारत नाही.

‘संगीत कला विहार’ आमच्या डोळ्यांसमोर आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाचं ते मासिक १९४७ पासूनचं, प्रा. बी. आर. देवधरांनी सांभाळलेलं. त्याच्याविषयी आदरच आहे. पण तेच पुन्हा काढण्यात अर्थ नाही.

तर विचारायचंय असं की वाचक ओळखायचा कसा? ओळखल्यावर त्याच्यापर्यंत पोचायचं कसं? आणि चौघांचं ऐकून प्रत्येकाला थोडी थोडी पानं वाटून दिली तर चालेल का?

मध्य लय, पुणे

माझं मत ऐकणाऱ्यांच्या बाजूने. सवाई १९५३ पासून चालू आहे. मी रमणबागेच्या मैदानावर बसलोय, आता मुकुंदनगरला जातो. दुपारपासून रात्रीपर्यंत भारतीय बैठकीवर बसणारी माणसं, त्यांच्या पिशवीत पाण्याची बाटली, शाल आणि कार्यक्रम पत्रिका. गायकानं सुरुवात केली की शेजारचा हळूच विचारतो, पूरिया की मारवा? या माणसाला पुढचे अकरा महिने वाचायला काय आहे? वर्तमानपत्रातला वृत्तांत कोण गायलं, तबल्याला कोण होतं आणि टाळ्या किती पडल्या इतकाच असतो. गायकानं त्या दिवशी निषाद किती उशिरा दाखवला आणि त्यामुळे राग कसा उभा राहिला, हे कोणी लिहील तर मी पैसे मोजून वाचीन. दिवाळी अंक मी दरवर्षी विकत घेतो, त्यात संगीतावरचा लेख आहे का ते आधी बघतो.

तरुणांचं तुम्ही लोकच ठरवा, त्यातलं मला कळत नाही.

खर्ज, ठाणे

काळी एक, प्रत्येकाला थोडी थोडी पानं वाटू नका. तसा अंक चाळून खाली ठेवला जातो.

मी निवृत्त होईपर्यंत एका मराठी मासिकाच्या वर्गणी विभागात होते. संपादकांच्या खोलीत काय ठरतं ते मला उशिरा कळायचं. पण अंक कोणाच्या दारात पडतो, दुसऱ्या वर्षी कोण पैसे भरतं आणि कोणाचा अंक ‘घर बंद’ किंवा ‘पत्ता अपुरा’ असा शेरा घेऊन परत येतो, हे सगळं माझ्या टेबलावरून जायचं. तिथे बसून जे कळलं त्यावरून सांगते.

वाचक शोधताना आवड विचारू नका. संगीत आवडतं का असं विचारलं तर नाही म्हणणारा माणूस सापडणार नाही. त्याऐवजी बघा, गेल्या दोन-तीन महिन्यांत संगीतापायी कोणाच्या खिशातून पैसे गेले. क्लासची फी. परीक्षेचा फॉर्म. तबल्याची पुडी बदलली. पेटीचे सूर लावून घेतले. तंबोऱ्याची जवारी काढली, तारा आणल्या. मध्य लय, राग मानू नका, पण ऐकणाऱ्याचा खर्च बहुतेक डिसेंबरातल्या तिकिटाचा, बाकी वर्षभर त्याला फोनवर सगळं ऐकायला मिळतं. जो गातो, वाजवतो किंवा शिकवतो त्याला मात्र दर आठवड्याला काहीतरी अडतं. माझ्या रजिस्टरमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी पैसे भरणारी माणसं अशीच असायची, अंकातून हाताला काहीतरी लागणारी.

म्हणून माझं उत्तर एकच आहे. तुमचा पहिला वाचक म्हणजे तालुक्याच्या गावात गाण्याचा किंवा तबल्याचा क्लास घेणाऱ्या बाई किंवा सर. त्यांच्यासाठी काढा, विद्यार्थी, पालक आणि साथीदार त्यांच्या मागून येतील.

हा क्लास कसा असतो ते तुम्ही पाहिलंच असेल. घराची पुढची खोली, सतरंजी, दोन पेट्या, एक तबल्याची जोडी, खिडकीत इलेक्ट्रॉनिक तंबोरा. पाच वाजता गांधर्वच्या प्रारंभिक परीक्षेची पोरं, सहाला प्रवेशिकेची, साडेसातला वरच्या मध्यमा आणि विशारदच्या मोठ्या मुली, त्यात एखाद्या बँकेतून सुटून आलेल्या बाई. सगळ्यांचा अभ्यासक्रम वेगळा. बाई वहीत सोळा घरं आखतात, वर स्वर, खाली बंदिशीची अक्षरं, त्याखाली सम (तालाची पहिली मात्रा), टाळी आणि कालाच्या खुणा. मुलगी फोनवर फोटो काढते, घरी जाऊन उतरवते आणि एक अवग्रह, म्हणजे अक्षर लांबवायची ‘ऽ’ खूण, गाळते. तिथून पुढचं प्रत्येक अक्षर एका मात्रेनं सरकतं, सम भलत्याच अक्षरावर येते. पुढच्या वर्षी धाकट्या मुलींच्या हातात तीच वही जाते. मी माझ्या भाचीच्या वहीत हे डोळ्यांनी पाहिलंय. नवव्या मात्रेवरून उठणारा मुखडा आठव्यावर गेला होता आणि पोर बिचारी समेला धडपडत होती.

आता तुमच्याकडे काय आहे ते बघा. स्वर लिहायच्या भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर. साध्या युनिकोड फॉन्टमध्ये ही टिंबं आणि रेघा कुठेच्या कुठे जाऊन बसतात, त्यामुळे लोक वैतागून हातानं लिहितात. तुम्ही डीटीपीवाले आहात. प्रत्येक अंकात बारा-पंधरा पानं स्वरलिपीची, मोठ्या टायपात, एका पानावर एकच बंदिश, विभागांच्या रेघा ठळक, आणि ती जाणकार गुरूंकडून तपासलेली, असं दिलंत तर ते पान बाई भिंतीला लावतील. शेजारी क्यूआर कोड द्या, त्यावर तीच बंदिश कोणीतरी साध्या आवाजात, ठेका धरून गायलेली. हाथरसचं ‘संगीत’ मासिक १९३५ पासूनचं. ते काढणाऱ्या संस्थेचं नाव घरोघर गेलं ते स्वरलिपीच्या आणि अभ्यासाच्या छापील मजकुरामुळे. विष्णु दिगंबर पलुस्करांनीही १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढल्यावर पुढे स्वतःचा छापखाना घातला. शिकणाऱ्याच्या हातात कागद लागतो, हे त्यांना ठाऊक होतं.

एक मात्र कटाक्षानं पाळा. जे दिसेल ते छापू नका. कवी गेल्यानंतर ६० वर्षं त्याच्या शब्दांवर हक्क असतो. गदिमा १९७७ ला गेले, म्हणजे त्यांची गीतं छापायची तर वारसांची परवानगी हवीच. उलट किर्लोस्कर, देवल आणि १९४८ ला गेलेले खाडिलकर यांची नाट्यपदं मोकळी आहेत. गोविंदराव टेंबे १९५५ ला गेले, त्यांच्या चालीही मोकळ्या. संतांचे अभंग आहेत, भातखंड्यांनी छापलेल्या पारंपरिक बंदिशी आहेत. वर्षानुवर्षं पुरेल इतका साठा यातच आहे. आजच्या गुरूंनी बांधलेली बंदिश हवी असेल तर लेखी परवानगी घ्या, नाव ठळक छापा आणि मानधन द्या, थोडं का होईना.

वाचकाशी बोलायचं कसं, ते सांगते. ‘असं मासिक निघालं तर घ्याल का’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. एखाद्या क्लासमध्ये पूर्ण संध्याकाळ कोपऱ्यात बसा. शेवटी बाईंना एवढंच विचारा, की गेल्या आठवड्यात तुम्ही कशाची झेरॉक्स काढलीत? ज्याची झेरॉक्स निघते तेच तुमच्या अंकात हवं. दहा क्लासमध्ये विचारलंत की अंकाची अनुक्रमणिका तयार होईल.

आणि भेटायचं कुठे? गांधर्वच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. परीक्षा केंद्रावर आजूबाजूच्या कितीतरी क्लासची मुलं एका दिवशी येतात, आत एकेक जण जातो आणि आई-वडील बाहेर तासन्‌तास बसलेले असतात. केंद्राच्या व्यवस्थापकांची रीतसर परवानगी घ्या आणि तिथे नमुना अंक ठेवा. विकू नका, वाचायला द्या, मागच्या पानावर वर्गणीचा कूपन.

दुसरी जागा पेटी दुरुस्तीचं दुकान. तुमच्या भागात तर ती आहेतच. दुकानदार भाता उघडून बसलेला असतो, सूर एकेक काढून पट्टीनं हलकेच घासून परत लावत असतो, आणि गिऱ्हाईक बाकावर तास-दीड तास वाट बघतं, कारण पेटी तिथे टाकून जायला मन होत नाही. तीन-चार तालुक्यांतला प्रत्येक पेटीवाला वर्षातून कधी ना कधी त्या बाकावर येतो. तिथे अंक दोरीला बांधून ठेवा. दुकानदाराची छोटी जाहिरात फुकट छापा, तो स्वतःच सांगेल सगळ्यांना.

सा ते सा, कराड

मी क्लास घेते, त्यामुळे राहवलं नाही. खर्जताईंनी लिहिलंय ते अगदी आमच्या घरचं वाटलं.

थोडी भर घालते. पैसे विद्यार्थी भरत नाही, त्याची आई भरते, आणि आईला विचारायचं असतं की माझं मूल पुढे सरकतंय का. तिच्यासाठी दर अंकात एखादं पान ठेवा. घरी रियाज किती वेळ करून घ्यायचा, शाळेच्या परीक्षेत क्लास बंद ठेवावा की नाही, पेटी विकत घेताना काय बघायचं, असं. दहावीला कलेचे वाढीव गुण मिळतात म्हणून आमच्याकडे सातवी-आठवीत मुलं येतात आणि दहावी झाली की बरीचशी सोडतात. ती सोडू नयेत असं मला फार वाटतं. ज्यांनी सोडलं नाही, नोकरी करता करता विशारद झाले, अशा माणसांविषयी छापा. पुरस्कारवाल्यांविषयी सगळेच छापतात.

आणि एक विषय. मुलगे तेरा-चौदा वर्षांचे झाले की आवाज फुटतो. कालपर्यंत काळी चारच्या पट्टीत स्वच्छ गाणारा मुलगा एकदम गप्प होतो, लाजतो, क्लासला यायचं टाळतो. त्या वर्ष-दीड वर्षात त्याला काय द्यायचं, पट्टी कधी आणि किती उतरवायची, गाणं पूर्ण थांबवायचं की मंद्र सप्तकात चालू ठेवायचं, यावर मराठीत शिक्षकांच्या हाताशी ठेवण्याजोगं मला फारसं सापडलेलं नाही. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना आणि एखाद्या जुन्या गुरूंना समोरासमोर बसवून तो लेख करा. मी त्या एका लेखासाठी वर्षाची वर्गणी भरेन आणि आमच्या भागातल्या सगळ्या क्लासवाल्यांना पाठवेन.

लेखी पेपरचंही बघा. मध्यमा, विशारदला रागांची तुलना आणि गायकांची चरित्रं येतात. मुली गाइडमधून पाठ करतात, जन्म कधी, गुरू कोण, पुरस्कार कोणते. भास्करबुवा बखल्यांनी एकाहून जास्त घराण्यांची तालीम घेतली, त्यानं त्यांच्या गाण्यात काय आलं, असं गोष्टीसारखं लिहिलं तर मुली वाचतील आणि पेपरातही लिहितील.

गजर, कुडाळ

तुम्ही सगळे क्लास आणि परीक्षा बोलताय, आमच्या भजनी मंडळांचं नाव कोणी काढलं नाही म्हणून लिहितो.

सिंधुदुर्गात वाडी तिथे मंडळ आहे. डबलबारीला दोन बुवा समोरासमोर बसतात, रूपावली, अभंग, गवळण, गजर असा क्रम चालतो, आणि गर्दी कशी होते ते एकदा येऊन बघा. बुवा, पखवाजवाला, झांजवाला, मागे कोरसला बसलेली पोरं, यातल्या बहुतेकांनी परीक्षा दिलेली नाही, पण कान इतका तयार की चाल एकदा ऐकली की दुसऱ्या दिवशी पेटीवर. मुंबईत लालबाग-परळपासून नालासोपारा-विरारपर्यंत चाकरमान्यांची मंडळं आहेत. त्यांना काय हवं? अभंगाचे शुद्ध शब्द, कारण ऐकून ऐकून शब्द बदलत जातात आणि बारीला समोरचा बुवा तिथेच पकडतो. कोणता अभंग कोणत्या रागात चांगला बसतो. पखवाजाचे बोल लिहून. आणि जुन्या बुवांच्या मुलाखती, ती माणसं एकेक करून जात आहेत आणि त्यांच्याबरोबर चालीही.

अंक एकट्याच्या नावानं घेतला जाणार नाही, मंडळाच्या नावानं जाईल आणि देवळात ठेवला जाईल. वीस जण वाचतील. गणपतीच्या आधी महिनाभर आला पाहिजे, तेव्हा तालमी सुरू असतात. चतुर्थीला आला तर कोणी उघडणार नाही.

घुमट, फोंडा

गजर यांच्याशी सहमत. गोव्यातही देवळादेवळांत भजनी सप्ताह होतात, वास्कोचा दामोदराचा सप्ताह तर सगळ्यांना माहीत आहे. कला अकादमीच्या भजन स्पर्धेत पुरुष, महिला आणि बाल असे गट असतात. महिला मंडळांकडे खास लक्ष द्या, अंक वाचून त्यातलं वहीत उतरवणाऱ्या त्याच आहेत. केसरबाई आणि मोगूबाई आमच्या मातीतल्या, त्यांच्यावर लिहिलंत तर इथे हातोहात जाईल, पण वर्षभर टिकायचं असेल तर भजनाची पानं हवीतच.

मध्य लय, पुणे

खर्जताईंचं पैशाचं गणित मला पटलं. तरी एक सांगतो. ऐकणाऱ्याला वगळून संगीताचा अंक पुरा होत नाही. शिकणाऱ्या मुलीनेही कधीतरी कसं ऐकावं हे वाचायला हवं, नाहीतर तिला राग येईल आणि मैफल येणार नाही. एक दीर्घ लेख ठेवा, आठ पानी, एकाच मैफलीवर किंवा एकाच ध्वनिमुद्रिकेवर. तो मी आणि त्या विशारदच्या मुली दोघंही वाचू.

काळी एक, मिरज

मनापासून आभार सगळ्यांचे. काल संध्याकाळी आम्ही चौघं एकत्र बसून हे मोठ्यानं वाचलं. क्लासवाल्या बाई-सर पहिले वाचक, यावर चौघांचंही एकमत झालं. कॉलेजच्या मुलांचं म्हणणाऱ्या आमच्या मैत्रिणीनं एक चांगला मुद्दा काढला, की क्लासमधली मोठी मुलं हीच कॉलेजची मुलं आहेत, तीच बँडमध्येही वाजवतात. तबला शिकलेला मुलगा काहोन (खोक्यासारखं, वर बसून वाजवायचं तालवाद्य) कसा वाजवायला लागला, अशा गोष्टी ती लिहिणार आहे.

आता व्यवहाराचे प्रश्न. वर्गणी किती ठेवावी? आजीव सभासद करावेत का? दोघं-तिघं आजच पैसे द्यायला तयार आहेत. वाचनालयांकडे जावं का? आणि भजनी मंडळं आणि क्लास एकाच अंकात बसतील का?

खर्ज, ठाणे

आजीव वर्गणी घेऊ नका. कितीही प्रेमानं कोणी देत असलं तरी नको. आज आलेला तो पैसा पहिल्या दोन अंकांच्या कागदात जातो, आणि मग पुढची वीस वर्षं तो अंक फुकट छापायचा, फुकट पाठवायचा. कागद आणि टपाल दोन्ही महाग होत जातात. आम्ही आजीव सभासदांचे पत्ते चालवत होतो, त्यातली किती माणसं हयात आहेत हे कळायलाही मार्ग नसायचा, आणि अंक थांबवला तर घरच्यांना अपमान वाटायचा. ज्यांना मदत करायची आहे त्यांना सांगा, तुमच्या गावातल्या पाच क्लासची एका वर्षाची वर्गणी भरा. त्यातून पाच खरे वाचक मिळतील आणि वर्ष संपल्यावर ते पुढे भरतात का, हेही दिसेल.

वर्गणी वर्षाचीच, आणि सगळ्यांची जूनमध्ये सुरू होणारी. जूनमध्ये क्लासला नवे प्रवेश होतात, बाई फी घेतात, तेव्हाच पाकिटात आणखी थोडे पैसे सहज येतात. जून, ऑगस्ट, ऑक्टोबर, डिसेंबर, फेब्रुवारी, एप्रिल असे अंक पडतील. ऑगस्टचा अंक भजनाचा करा, महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात पोचवा. ज्या वर्षी गणपती ऑगस्टमध्येच येतील त्या वर्षी तो जुलैच्या मध्याला काढा. ऑक्टोबर आणि फेब्रुवारीचे अंक परीक्षेचे. म्हणजे भजनी मंडळ आणि क्लास यांची प्रत्येक अंकात ओढाताण होणार नाही. अभंगाची चार पानं मात्र वर्षभर ठेवा, क्लासच्या मुलींनाही स्पर्धेला अभंग लागतोच.

क्लाससाठी गट वर्गणी ठेवा. एका पत्त्यावर दहा अंक घेतले तर अकरावा बाईंचा. दहा पत्ते लिहिण्यापेक्षा एक पार्सल बरं, आणि बाई स्वतः वाटतात म्हणजे अंक हरवत नाहीत. त्या पार्सलमध्ये एक जादा कागद घाला, पुढच्या अंकात कोणती बंदिश हवी, एवढाच प्रश्न, खाली चार रिकाम्या ओळी. आलेल्या उत्तरांतली दोन नावांसह छापा. आमच्याकडे ज्या सदराला वाचकांची पत्रं यायची, त्याच्या जोरावर नूतनीकरण व्हायचं. एका सदराच्या लेखकांनी दोन महिने सुट्टी घेतली तर चौकशीची पोस्टकार्डं माझ्याकडे यायची, संपादकांच्या आधी.

वाचनालयांकडे जरूर जा, पण त्यांच्यावर पहिलं वर्ष उभं करू नका. अनुदान हप्त्यानं येतं, पैसे उशिरा मिळतात. जिथे गावात क्लास आहे अशा वाचनालयाला आधी भेटा, क्लासच्या बाईंना बरोबर घेऊन.

नोंदणीला आळस करू नका. नियतकालिकांचा २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झालाय, शीर्षक आणि नोंदणी दोन्हींचा अर्ज प्रेस सेवा पोर्टलवर ऑनलाइन होतो. टपालाच्या सवलतीच्या दरात द्वैमासिक बसतं का, ते पोस्टात आधी विचारून घ्या. ती सवलत नसेल तर ६४ पानी अंक पाठवणं वर्गणीत बसणार नाही.

फेसबुकचं पान बंद करू नका, फक्त तिथे टाकायचं ते बदला. गवयांचे फोटो चालू राहू देत, पण आठवड्यातून एकदा स्वरलिपीचं एक अर्धं पान टाका, फक्त स्थायी, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग. अंतरा, म्हणजे पुढचा भाग, कुठे मिळेल म्हणून जो विचारेल त्याचा नंबर लिहून घ्या. त्या वहीतली नावं वाढायला लागली की ५०० पैकी किती प्रती खरंच लागतील ते कळेल. पहिल्या अंकाच्या ३०० काढल्यात तरी चालेल. उरलेले गठ्ठे घरात ठेवण्यापेक्षा संपला म्हणून पुन्हा छापणं परवडतं.

मध्य लय यांचा आठ पानी लेख घ्याच. आणि तो त्यांनाच लिहायला सांगा.

सा ते सा, कराड

काळी एक, पुढच्या शनिवारी आमच्याकडे या, मिरजेहून सकाळच्या गाडीनं निघालात तरी पुरे. पाच ते नऊ सगळे वर्ग असतात. मी झेरॉक्सची फाइल काढून ठेवते, त्यात गेल्या तीन परीक्षांचं सगळं आहे. त्यातल्या निम्म्या बंदिशींचे शब्द मला स्वतःला तपासून हवे आहेत, तेव्हा मिरजेतल्या एखाद्या जुन्या गुरुजींना बरोबर आणता आलं तर फार बरं होईल. आमच्या इथल्या तबल्याच्या सरांनाही बोलावते. त्यांना लेहऱ्याच्या, म्हणजे तबल्यासाठी पेटीवर फिरत राहणाऱ्या सुरावटीच्या, स्वरलिपीची पानं हवी आहेत, झपताल आणि रूपकाची आधी.